हाका, कागद आणि चार डोळ्यांचा पाद्री

न्यूझीलंडच्या संसदेतला तो व्हिडिओ तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. तारीख १४ नोव्हेंबर २०२४. हाना-राफिती माइपी-क्लार्क ही तिथली सर्वांत तरुण खासदार मतदानाच्या वेळी उभी राहते, हातातलं विधेयक फाडते आणि हाका, म्हणजे माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांचं आरोळ्यांसह केलं जाणारं नृत्य, सुरू करते. बघता बघता आणखी खासदार आणि गॅलरीतली माणसं तिच्या सुरात सूर मिसळतात. सभापतींना कामकाज थांबवावं लागतं. आपल्याकडे बहुतेकांनी ‘काय पोरगी आहे!’ म्हणून तो पुढे ढकलला. भांडण कशावरून होतं, हे विचारायच्या फंदात फारसं कुणी पडलं नाही.

भांडण एका कागदावरून होतं. ६ फेब्रुवारी १८४० ला वाइतांगी या ठिकाणी ब्रिटिश सरकार आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला. त्या कराराची तत्त्वं कायद्यानं नव्यानं ठरवायची, असं ते विधेयक होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते ११ विरुद्ध ११२ मतांनी पडलं. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. दोन्ही बाजूंनी सह्या केल्या, तरी १८५ वर्षांनीही त्या कागदाचा अर्थ एक का होत नाही?

याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा हेन्री विल्यम्स नावाच्या एका चष्मेवाल्या पाद्र्याच्या गोष्टीत जास्त सापडतं. कराराचा माओरी मजकूर त्यानं एका रात्रीत तयार केला होता. त्याच्या शब्दावर सरदारांचा भरवसा होता, पण तो केवळ धर्मामुळे बसलेला नव्हता. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या जमातींमध्ये त्यानं जे समेट घडवून आणले, त्यांतून तो बसला. मुळापासून बघू.

आधी ‘उतू’ म्हणजे काय?

आपल्याकडे उतू जातं ते दूध. माओरी भाषेतल्या ‘उतू’चा अर्थ परतफेड. लग्नाच्या आहेराची वही घरोघरी असते ना? अमक्यानं एवढं दिलं, त्यांच्या मुलीच्या लग्नात आपण तेवढं द्यायचं, जमलं तर थोडं वरचढ. तशीच ही वही, फक्त तिच्यात आहेर आणि खून दोन्ही लिहिले जात. भेट आली तर भेट परत जायला हवी. शिवी दिली, अपमान केला, माणूस मारला, तर त्याचीही फेड व्हायला हवी. नाही झाली तर ‘माना’ जातो. माना म्हणजे माणसाचं आणि त्याच्या कुळाचं वजन, अधिकार, पत. शब्दाचं नातं नाही, पण आपल्या ‘मानपाना’तल्या मानाशी अर्थ बराच जुळतो. लग्नघरात मानपानावरून पेटलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

माणूस मेला म्हणून वही मिटत नसे. ती मुलाकडे, पुतण्याकडे जाई. आणि ज्यानं केलं त्याच्याकडूनच वसुली व्हावी असंही नव्हतं. त्याच्या नात्यातला कुणी सापडला तरी चाले. कधी कधी तर काडीचा संबंध नसलेलाही चाले. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक छोटासा प्रसंग सांगतो. जानेवारी १८२४. हेन्री विल्यम्स आणि त्याची बायको मेरिअन यांना देशाच्या उत्तर टोकाकडे, पाइहियाच्या किनाऱ्यावर बिऱ्हाड थाटून जेमतेम चार महिने झाले होते. तोहितापू नावाचा एक सरदार त्यांच्याकडे आला. मंत्रतंत्रामुळे त्याचा मोठा दबदबा. फाटकातून न येता त्यानं कुंपणावरून उडी मारली आणि पाय खरचटून घेतला. रक्त आलं. झालं! रक्त सांडलं म्हणजे वहीत नोंद झाली, आणि ज्याचं कुंपण त्यानं भरपाई द्यायची. तोहितापूनं भरपाईपोटी एक लोखंडी भांडं उचललं. विल्यम्सनं ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. मग आरडाओरडा, धमक्या, शाप असा मोठा तमाशा झाला. उडी तूच मारलीस तर पायही तुझाच, हा एकाचा हिशेब. तुझ्या कुंपणानं माझं रक्त काढलं, हा दुसऱ्याचा. आपापल्या वहीप्रमाणे दोघंही बरोबर होते. पुढे हाच तोहितापू पाद्र्यांचा चांगला मित्र झाला.

मग बिघडलं कुठे?

उतूच्या पद्धतीला पूर्वी आपोआप आवर होता. लाकडी-दगडी शस्त्रांनी लढाई म्हणजे हातघाईची लढाई. माणसं पडत, पण मोजकी. पुन्हा रताळ्याच्या लागवडीचा हंगाम आला की घरी परतावं लागे.

१८०७ च्या सुमारास उत्तरेच्या नापुही जमातीनं शेजारच्या नाती फातुआवर चाल केली. सोबत थोड्याशा बंदुका होत्या. त्या काळची बंदूक एकदा झाडली की पुन्हा भरायला वेळ लागे, आणि तेवढ्यात समोरचे अंगावर आले. नापुही सपाटून हरले. होंगी हिकाचे दोन भाऊ तिथे मारले गेले, तो स्वतः कसाबसा निसटला. बंदुका निकामी आहेत, असं कुणी म्हणालं असतं. होंगीनं काढलेला निष्कर्ष वेगळा होता: बंदुका कमी पडल्या.

१८२० मध्ये थॉमस केंडल या मिशनऱ्याबरोबर होंगी इंग्लंडला गेला. केम्ब्रिजच्या प्राध्यापकाला माओरी भाषेचं व्याकरण तयार करायला मदत केली, राजा चौथा जॉर्ज याची भेट घेतली, भरपूर नजराणे मिळवले आणि परतीच्या वाटेवर सिडनीत शेकडो बंदुका जमवल्या. व्याकरणाच्या कामाला गेलेला माणूस शस्त्रागार घेऊन परतला, आणि त्याला घेऊन जाणारा पाद्री होता. मिशनच्या इतिहासातलं हे पान कुणी मिरवत नाही.

त्यापुढची चार-पाच वर्षं होंगीच्या तुकड्यांनी दूरदूरची गावं उद्ध्वस्त केली. १८२३ मध्ये त्यांनी होड्या जंगलातून ओढत रोटोरुआच्या तळ्यापर्यंत नेल्या आणि मधल्या बेटावर आसरा घेतलेल्यांना गाठलं. १८२५ मध्ये नाती फातुआचं ते अठरा वर्षांपूर्वीचं देणं फेडलं. पण त्याच लढाईत होंगीचा थोरला मुलगा पडला. वही मिटवायला गेला आणि नवी ओळ लिहून आला.

आता बाकीच्यांना बंदूक घेणं भागच होतं. ती मिळे डुकरं, बटाटे आणि हाराकेके नावाच्या झुडपाच्या वाखाच्या बदल्यात. दोर वळायला त्या वाखाला परदेशी जहाजांकडून मोठी मागणी होती. गावंच्या गावं दलदलीच्या कडेला उतरून वाख काढत बसली. बटाट्यानं आणखी एक गोष्ट केली. तो थंडीतही येई, रताळ्यापेक्षा कमी निगराणीत जास्त पिके आणि युद्धकैद्यांकडून पिकवून घेता येई. म्हणजे लढवय्ये महिनोन्‌महिने बाहेर राहायला मोकळे. हंगामाचा तो जुना आवर सुटला. या ‘बंदुकांच्या युद्धां’त वीस हजारांपर्यंत माणसं गेली असावीत, असा अंदाज सांगितला जातो. सगळी माओरी लोकसंख्याच तेव्हा लाखाच्या आसपास धरतात.

यात पाद्री शिरला कसा?

हेन्री विल्यम्स काही जन्मजात साधू नव्हता. चौदाव्या वर्षी तो ब्रिटिश नौदलात लागला, नेपोलियनच्या काळातल्या लढाया लढला. १८१५ मध्ये लढाया संपल्या आणि तो अर्ध्या पगारावर घरी बसला. मग चित्रकला शिकव, धर्मग्रंथ वाच, असं करत १८२२ मध्ये पाद्री झाला आणि ऑगस्ट १८२३ मध्ये न्यूझीलंडला उतरला. चष्मा लावायचा म्हणून माओरींनी त्याला ‘कारु-फा’, चार डोळ्यांचा, असं नाव ठेवलं. एरवी तो ‘ते विरेमु’. विल्यम्सचं माओरी तोंडात बसलेलं रूप.

आल्या आल्या त्यानं मिशनमधला बंदुकांचा व्यापार बंद केला. सरदार नाराज झाले. पाद्र्यांचं धान्य, डुकरं, संरक्षण सगळं सरदारांकडून येत होतं, आणि त्यांना बदल्यात बंदूक हवी होती. विल्यम्सचा तोडगा खलाशाचा होता. पाइहियाच्या वाळूतच त्यानं ‘हेराल्ड’ नावाचं जहाज बांधलं आणि १८२६ मध्ये पाण्यात सोडलं, म्हणजे शिधा दुसऱ्या किनाऱ्यांवरून आणता यावा. दोन वर्षांत ते होकिआंगाच्या मुखाशी फुटलं, पण तोवर मुद्दा पोचला होता. मध्यस्थाची चूल ज्याच्या शिध्यावर पेटते, त्याच्याविरुद्ध त्याला तोंड उघडता येत नाही.

धर्म मात्र कुणी ऐकत नव्हतं. पहिल्या काही वर्षांतले बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतके. मग युद्धाला निघालेला सरदार या माणसाचं का ऐकेल?

मार्च १८२८. होंगी नुकताच वारला होता. त्याच सुमारास फारेउमु नावाचा मोठा सरदार पश्चिमेच्या होकिआंगा भागात एका चकमकीत मारला गेला. उतूप्रमाणे पाइहियाच्या उपसागराकडच्या त्याच्या मंडळींना चालून जाणं भागच होतं. गेले असते तर एकमेकांचे सोयरे असलेले लोक एकमेकांना कापत बसले असते, आणि दोन्हीकडच्या जाणत्यांना ते दिसत होतं. चाललेल्या तुकडीबरोबर विल्यम्स आणि त्याचे काही सहकारी गेले, कारण काही सरदारांनाच ते हवं होतं. पाद्री दोन तळांमध्ये ये-जा करत राहिले आणि लढाई टळली.

हे समजायला आपल्या गावातलं बांधाचं भांडण आठवा. कोर्टाच्या तारखांना दोन्ही भाऊ कंटाळलेले आहेत. पैसा चालला आहे, पोरांची लग्नं अडली आहेत. पण आधी बोलायचं कुणी? जो आधी बोलला तो वाकला. अशा वेळी मामा येतात. मामा नवीन काही सांगत नाहीत. पण त्यांच्यामुळे दोघांनाही म्हणता येतं की मी वाकलो नाही, मामांचा शब्द मोडवला नाही. विल्यम्सनं सरदारांना ही सोय करून दिली. ‘पाद्र्यानं गळ घातली म्हणून थांबलो’ म्हणताना माना शाबूत राहत होता.

त्यांना स्वतःला समेट करता येत नव्हता का?

उत्तम येत होता. माओरीत समेट घडवण्याला ‘होहोउ रोंगो’ म्हणतात. त्यात आवळून बांधण्याचा भाव आहे, शांतता दोरीनं घट्ट बांधायची. घरंदाज स्त्रिया मध्ये पडत, दोन घराण्यांत सोयरीक होई, मौल्यवान हिरवा दगड एकमेकांना दिला जाई. पक्क्या समेटाला ‘हिरव्या दगडाचं दार’ असं नावच होतं. म्हणजे ‘रानटी लोकांना गोऱ्या माणसानं शांतता शिकवली’ ही गोष्ट खरी नाही. आणि रानटीपणाच काढायचा तर विल्यम्स कोपनहेगनच्या मोहिमेत होता. १८०७ मध्ये ब्रिटिशांनी ते शहर तोफांनी भाजून काढलं होतं.

अडचण दुसरीच होती. जुन्या पद्धतीला दोन्हीकडे नातं असलेलं माणूस लागे. शेजाऱ्यांच्या भांडणात तसं माणूस सापडतं. पण बंदुकांमुळे लढाया शेकडो मैलांवर जाऊन पोचल्या. तिथे ना सोयरीक, ना ओळख, ना कुणी मामा. त्या मोकळ्या जागेत हा कुणाचाच नातेवाईक नसलेला माणूस बसला.

पोरींची लढाई, आणि समेटाचं बिल

समेट म्हणजे गळाभेट नव्हे, हिशेब असतो, हे बघायला १८३० चं प्रकरण चांगलं आहे. पाइहियासमोर, खाडीच्या पलीकडे कोरोरारेका नावाचं बंदर. आजचं रसेल. व्हेल मारणारी जहाजं तिथे थांबत, दारू वाहे, तंटे होत. मार्च १८३० मध्ये किनाऱ्यावर पाण्यात खेळता खेळता काही घरंदाज तरुणींचं वाजलं. मागे एका जहाजाच्या कप्तानावरून चाललेली चढाओढ होती. खेळाचं भांडण झालं, भांडणात घरातल्या मोठ्यांचा उद्धार झाला. आणि मोठ्यांना दिलेला शाप म्हणजे वहीतली मोठी नोंद. उत्तरेकडून उरुरोआ नावाचा सरदार तुकडी घेऊन आला. ६ मार्चला गोळी सुटली आणि लढाई जुंपली. मेलेले-जखमी मिळून शंभराच्या घरात. हेंगी नावाचा सरदार लढाई थांबवायला मध्ये धावला, तोच गोळी लागून पडला.

दोन दिवसांनी सिडनीहून सॅम्युएल मार्सडेन हा वडीलधारा मिशनरी नेमका तिथे उतरला. मार्सडेन आणि विल्यम्स होडीतून या तळावरून त्या तळावर कितीतरी खेपा घालत राहिले. प्रवचनानं काम झालं नाही. काम झालं ते हिशेबानं. कोरोरारेकाचे लोक लढाईत वरचढ ठरले होते, म्हणजे देणं त्यांच्याकडे निघत होतं. ते त्यांनी गावच देऊन फेडलं. कोरोरारेका समोरच्या पक्षाच्या हवाली झालं आणि तिथले लोक उठून दुसरीकडे गेले. पाद्र्यांनी वही फाडली नाही, ती रक्ताऐवजी जमिनीत चुकती करून दिली.

पण हेंगीची मुलं, मांगो आणि काकाहा, यांच्या बापाचं काय? घरातल्यांशी समेट झालेला, तेव्हा त्यांच्याकडून वसूल करता येईना. मग ते दक्षिणेला निघाले आणि या भांडणाशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा बेटांवरच्या लोकांवर तुटून पडले. त्या मोहिमेत नापुहींची माणसं मेली. त्यांच्या सुडासाठी तितोरे हा सरदार १८३२ मध्ये होड्यांचा तांडा घेऊन तौरांगावर गेला. म्हणजे खाडीतल्या पोरींच्या भांडणाचं बिल दोन वर्षांनी, दूरच्या किनाऱ्यावर, तिसऱ्याच्याच नावे फाटलं.

त्या तांड्याबरोबर मिशनच्या छोट्या जहाजातून विल्यम्सही गेला. दोन्ही बाजूंच्या तळांवर जाऊन बोलला. कुणी ऐकलं नाही. तितोरेच्या हाती फारसं काही लागलं नाही, विल्यम्सच्याही नाही. तौरांगाला त्याची ओळख ‘शत्रूच्या गावचा पाद्री’ एवढीच होती. मामा दोन्ही घरांचा असावा लागतो.

उशाखालचं पुस्तक

म्हणून पुढचं मोठं काम गोऱ्या पाद्र्यांच्या हातून झालं नाही. ते माओरी प्रचारकांनी केलं, आणि त्यांतले पुष्कळ त्या युद्धांतूनच तयार झाले होते. नापुहींनी दूरदूरचे कैदी आणले होते. ते मिशनच्या शाळांत वाचायला शिकले. सुटून आपापल्या गावी परतले, ते पुस्तक घेऊन. पिरिपी ताउमाता-आ-कुरा हा १८३४ मध्ये असाच पूर्व किनाऱ्यावर परतला. दोन वर्षांनी त्याच्या लोकांनी त्याला लढाईला बोलावलं, तेव्हा त्यानं अट घातली: जखमींना मारायचं नाही, मेलेल्यांना खायचं नाही. स्वतः मात्र एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात बंदूक घेऊन गेला. शांततेचा दूत म्हणून त्याला फ्रेममध्ये बसवता येत नाही, पण त्या दिवशी वहीचे नियम त्यानं बदलले.

सगळ्यांत जास्त सांगितली जाते ती तारोरेची गोष्ट. बारा वर्षांची ही मुलगी मातामाताच्या मिशन शाळेत शिकलेली. तिच्याकडे माओरीतलं लूककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलचा एक भाग, होतं. ऑक्टोबर १८३६ मध्ये वडील नाकुकु यांच्यासोबत तौरांगाकडे जाताना त्यांचा मुक्काम वाइरेरे धबधब्याजवळ पडला. पहाटे रोटोरुआकडच्या टोळीनं हल्ला केला. गडबडीत तारोरे मागे राहिली आणि मारली गेली. उशाखालचं पुस्तक हल्लेखोरांनी नेलं. अंत्यविधीला जमलेले लोक सुडाला निघायच्या तयारीत होते, आणि नाकुकु उभा राहून म्हणाला, नको. पुरेसं रक्त सांडलं आहे, न्याय देवावर सोडा.

स्वतःच्या मुलीची नोंद बापानं खोडली. उतूच्या जगात हे केवढं मोठं होतं, याचा अंदाज आपल्याला येणं अवघड आहे.

ते पुस्तक मारेकऱ्याच्या घरी पडून राहिलं, कारण वाचता कुणालाच येत नव्हतं. पुढे रिपाहाउ नावाचा, कैदेत असताना वाचायला शिकलेला तरुण तिथे आला. त्यानं वाचून दाखवलं. मारेकरी उइता पालटला आणि त्यानं नाकुकुची माफी मागितली, असं सांगतात. मग रिपाहाउ दक्षिणेला ओताकीला गेला, आणि ते पुस्तकही तिथे पोचलं. ओताकी-कापिती हा सगळा मुलूख होता ते राउपाराहाचा.

हा तोच ते राउपाराहा. शत्रूपासून रताळ्याच्या पेवात लपून बचावल्यावर त्यानं रचलेला हाका म्हणजे ‘का माते’. रग्बीच्या मैदानावर ऐकतो तो, आणि त्या दिवशी संसदेत घुमला तोही. दक्षिण बेटावरच्या नाइ ताहू जमातीवर त्यानं केलेले हल्ले आजही तिथे विसरले गेलेले नाहीत. आणि रिपाहाउसमोर पाटीवर अक्षरं गिरवायला बसले ते त्याचाच मुलगा तामिहाना आणि बहिणीचा नातू मातेने ते फिफि. १८३९ मध्ये दोघं जहाजानं पार पाइहियाला पोचले आणि म्हणाले, आम्हाला पाद्री द्या. ऑक्टेव्हियस हॅडफिल्ड नावाचा दम्यानं खंगलेला तरुण पाद्री म्हणाला, मरायचंच तर इथे काय आणि तिथे काय. (हा नव्वदीपर्यंत जगला!) त्याला पोचवायला विल्यम्स सोबत निघाला.

पोचले तेव्हा वाइकानाएच्या वाळूवरची लढाई ताजी होती. १६ ऑक्टोबर १८३९ ला नाती राउकावा आणि ते आती आवा या दोन जमाती तिथे भिडल्या होत्या. नेमक्या त्याच दिवशी ‘तोरी’ हे जमीन विकत घ्यायला आलेल्या ब्रिटिश कंपनीचं जहाज तिथे नांगरलं होतं, आणि जखमींना मलमपट्टी त्याच जहाजावरच्या डॉक्टरांनी केली. विल्यम्सनं पुन्हा त्याच खेपा घातल्या, या गावातून त्या गावात. समेट झाला. या वेळी तो आवळून बांधलेला राहावा म्हणून हॅडफिल्ड मागे थांबला, आणि एकाच गावी नव्हे तर दोन्हीकडे. ओताकीलाही आणि वाइकानाएलाही.

चार वर्षांनी, १८४३ मध्ये, तामिहाना आणि मातेने होडी घेऊन दक्षिण बेटावर नाइ ताहूंकडे प्रचाराला गेले. ज्याच्या बापानं गाव जाळलं, तो मुलगा हातात पुस्तक घेऊन त्याच गावात. त्याला जिवंत परत जाऊ दिलं, यात मोठेपणा दोन्ही बाजूंचा आहे. सगळ्यांच्या वाट्याला हे आलं नाही. ते मानिहेरा आणि केरेओपा हे दोन माओरी प्रचारक जुन्या वैऱ्यांकडे शांततेचा निरोप घेऊन निघाले, आणि १२ मार्च १८४७ ला ताउपो तळ्याकाठी, तोकाआनूजवळ मारले गेले. आधीच्या लढाईत तिथली माणसं गेली होती, त्याची ती फेड होती.

युद्धं प्रवचनांनी थांबली की थकव्यानं?

ही शंका रास्त आहे. १८३० च्या दशकाच्या शेवटी जवळपास सगळ्यांकडे बंदुका झाल्या होत्या. समोरच्याकडेही तेवढ्याच, तेव्हा सोपा विजय संपला. माणसं खचली होती, साथींनी मरत होती, व्यापारात पैसा दिसू लागला होता. पाद्री नसते तरी लढाया ओसरल्या असत्या, असं म्हणणारे इतिहासकार आहेत, आणि मला ते बऱ्यापैकी पटतं. पण थकलेल्या माणसालाही थांबायला निमित्त लागतं. कोर्टाच्या तारखांना कंटाळलेले भाऊ मामा नसतील तर आणखी वीस वर्षं तारखा घेतात.

पण हा तर सरकारचाच माणूस निघाला!

आता कागदाकडे येऊ. २९ जानेवारी १८४० ला कॅप्टन हॉब्सन ब्रिटनच्या राणीच्या वतीनं करार करायला आला. ४ फेब्रुवारीच्या रात्री हेन्री विल्यम्स आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांनी इंग्रजी मसुदा माओरीत आणला. इंग्रजीतलं पहिलं कलम सांगतं की सरदारांनी सार्वभौमत्व राणीला दिलं. माओरीत त्या जागी शब्द आहे ‘कावानातांगा’. ‘कावाना’ म्हणजे गव्हर्नर, इंग्रजीवरून घेतलेला. ‘तांगा’ हा प्रत्यय आपल्या ‘की’सारखा. पाटलाची पाटीलकी, तशी गव्हर्नरची ‘गव्हर्नरकी’. माओरींना गव्हर्नर माहीत होते ते सिडनीतले आणि बायबलातला पिलात. दुसऱ्या कलमात त्याच धर्तीचा शब्द आहे ‘तिनो रांगातिरातांगा’. रांगातिरा म्हणजे सरदार, म्हणजे ही ‘पूर्ण सरदारकी’, आणि ती माओरींकडेच राहील असं वचन.

एक बाजू वाचते की सगळं राणीचं झालं. दुसरी वाचते की गव्हर्नरकी तुमची, सरदारकी आमची.

विल्यम्सला नेमका शब्द सुचला नाही म्हणावं, तर १८३५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा माओरी मजकूरही त्याचाच. तिथे सार्वभौम सत्तेसाठी त्यानं ‘माना’ हा शब्द वापरला होता. तोच शब्द १८४० मध्ये वापरला असता तर अर्थ लख्ख झाला असता, आणि माना देऊन टाका म्हटल्यावर एकाही सरदारानं सही केली असती का, याची मला शंका आहे. काहींच्या मते ही सरळ लबाडी. काहींच्या मते घाईत घेतलेला प्रामाणिक शब्द, कारण जमिनीच्या दलालांना आणि उरलेल्या लढायांना आळा घालायला ब्रिटिश कायदाच हवा, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मला त्यात मध्यस्थाची सवय दिसते. पंधरा-सोळा वर्षं तो दोन तळांमध्ये खेपा घालून प्रत्येकाला पचेल अशा शब्दांत समोरच्याचं म्हणणं सांगत आला होता, कुणाचाच माना जाऊ न देता. लढाई टाळायला ही कला लाखमोलाची. तोंडी बोलणं त्या दिवसापुरतं असतं, गोल राहिलं तरी निभावतं. कागदावर तीच गोलाई पिढ्यान्‌पिढ्या शिल्लक राहते.

कराराची प्रत घेऊन तोच दक्षिणेला सह्या गोळा करायला गेला. १४ मे १८४० ला कापिती बेटावर ते राउपाराहानं सही केली आणि दोन दिवसांनी वाइकानाएच्या सरदारांनी. जिथे सहा महिन्यांपूर्वी समेट बांधला, तिथेच. देशभर पाचशेहून जास्त सरदारांनी सह्या केल्या, त्यांतल्या इंग्रजी मजकुरावर जेमतेम ३९. २०१४ मध्ये वाइतांगी लवादानं, म्हणजे या कराराबाबतच्या माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या लवादानं, निष्कर्ष काढला की फेब्रुवारी १८४० मध्ये उत्तरेच्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलं नव्हतं. म्हणजे सह्या झाल्या त्या माओरी मजकुरावर, आणि पुढे दीडशे वर्षं कारभार चालला इंग्रजीवर.

‘सरकारचा माणूस’ हे मात्र पूर्ण खरं नाही. १८४५ मध्ये उत्तरेत ब्रिटिशांविरुद्ध लढाई पेटली तेव्हा गोऱ्यांनीच विल्यम्सला फितूर ठरवलं. गव्हर्नर ग्रेनं त्याच्या जमिनीवरून ठपका ठेवला. अकरा मुलांसाठी त्यानं हजारो एकर घेतली होती, तेव्हा ठपका अगदीच हवेतला नव्हता. मिशन सोसायटीनं त्याला काढून टाकलं आणि काही वर्षांनी परत घेतलं. हॅडफिल्डचंही तेच. १८६० मध्ये सरकारनं वाइतारात ते आती आवांच्या विरेमु किंगी या सरदाराची जमीन सैन्य पाठवून घ्यायचं ठरवलं. किंगी वाइकानाएपासूनचा त्याचा ओळखीचा. हॅडफिल्ड उघडपणे त्याच्या बाजूनं उभा राहिला, आणि वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही म्हटलं. आता भांडण होतं सरकार आणि माओरी यांच्यात, आणि तिथे दोन्ही घरांचा मामा कुणीच उरला नव्हता.

विल्यम्स १६ जुलै १८६७ ला पाकाराका इथे वारला. पाइहियाच्या चर्चच्या अंगणात त्याच्या नावाचा दगडी क्रूस आहे, माओरी ख्रिस्ती मंडळीनं १८७६ मध्ये उभारलेला. त्यावर माओरीत कोरलं आहे की हा सगळ्या जमातींचा बाप होता, माओरींच्या भांडणांत ‘होहोउ रोंगो’ करणारा शूर माणूस.